संथ हात आणि धावती प्रतिमा

पॉप कलेची भूमिका सामान्यतः अलिप्ततेची मानली जाते. अँडी वॉरहॉल यांनी १९६२ मध्ये मेरिलिन मन्रो यांचा चेहरा सिल्कस्क्रीनने कॅनव्हासवर पुन्हा पुन्हा छापला, तेव्हा कलावंताच्या हाताचा ठसा शक्य तितका पुसून टाकणे हाच त्या कृतीचा आशय होता. प्रतिमा बाजारातून आयती आली होती; तिच्यासाठी कोणी झिजले आहे असे प्रेक्षकाला वाटू नये, अशी ती योजना होती. अशी प्रतिमा हातमागावर विणली गेली तर काय होते? हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. क्षणभर पाहून टाकून देण्यासाठी जन्मलेल्या प्रतिमेवर माणसाने आपले कित्येक महिने खर्चावेत काय, हा नैतिक प्रश्न त्यात दडलेला आहे.

स्कॉटिश विणकर आर्ची ब्रेनन (१९३१–२०१९) यांचे काम या विचाराला मूर्त आधार देते. एडिंबरा येथे १९१२ मध्ये स्थापन झालेल्या डव्हकॉट कार्यशाळेत ते घडले आणि १९६३ पासून तिचे संचालक झाले. राजवाड्यांच्या भिंतींवर मिरवलेल्या टॅपेस्ट्रीत त्यांनी वृत्तपत्रीय छायाचित्रे, खाटकाकडचे मांस, पोस्टकार्डे आणली. १९७३ मध्ये मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांची प्रतिमा विणली.

हाताच्या श्रमाने क्षुद्र प्रतिमेला प्रतिष्ठा लाभते, हे उत्तर सोपे आहे आणि म्हणूनच संशयास्पद आहे. त्यात हस्तव्यवसायाविषयीची गतकालविव्हलता आहे. शिवाय विणलेली प्रतिमा दुर्मिळ व महाग होते. पॉप कलेचा सर्वसुलभतेचा दावा तेथेच संपतो. अली यांच्या चेहऱ्याला आणि मांसाच्या तुकड्याला सारखेच श्रम मिळत असतील, तर श्रमाला आदराचे परिमाण तरी कसे मानावे?

या आक्षेपांना उत्तर द्यायचे तर विणण्याच्या क्रियेकडेच वळावे लागते. टॅपेस्ट्रीत चित्र कापडावर काढलेले नसते. चित्र हेच कापड असते. पैठणीच्या पदरावरील मोराप्रमाणे येथेही प्रत्येक रंगाचा बाणा आपल्या क्षेत्रापुरताच ताण्यातून फिरतो. चित्र एका कडेपासून ओळीओळीने उभे राहते. मोठ्या कामात विणून झालेला भाग रुळावर गुंडाळला जाऊन नजरेआड होतो. मागे जाऊन दुरुस्ती करायची तर उसवावेच लागते. ज्या छायाचित्रावरून वाचकाची नजर क्षणात घसरते, त्याच्या प्रत्येक छटेविषयी विणकराला निर्णय घ्यावा लागतो.

श्रम आदराची हमी देत नाहीत. ते फक्त घाईची सबब काढून घेतात. प्रतिमा न पाहताच उपभोगण्याची जी मुभा छपाई देते, ती मागावर उरत नाही. म्हणून मांसाच्या तुकड्यावरचे श्रम वाया गेले असे म्हणता येत नाही. पाहणे ही निवड असते आणि तिची जबाबदारी कोणावर तरी असते, एवढे ते दाखवून देतात.

मात्र ही जबाबदारी कोणाची? डव्हकॉटमध्ये एदुआर्दो पाओलोत्सी आणि डेव्हिड हॉकनी यांच्या कृतींवरूनही टॅपेस्ट्री विणल्या गेल्या. अशा वेळी कृती चित्रकाराच्या नावाने ओळखली जाते, निर्णय मात्र विणकराच्या बोटांनी घेतलेले असतात. या व्यवहाराला नक्कल म्हटले की विणकर यंत्राच्या पातळीवर उतरतो, आणि पॉप कलेने यंत्राला दिलेली जागा एका जिवंत माणसाच्या वाट्याला येते. त्याला भाषांतर म्हटले तर विणकराचे कर्तृत्व आणि त्याबरोबर त्याचे उत्तरदायित्वही मान्य करावे लागते. भाषांतरकार मूळ शब्द उचलत नाही. दुसऱ्या भाषेच्या अंगभूत अडचणींतून तो अर्थ पुन्हा उभारतो. लोकरीच्याही अशा अडचणी असतात.

ब्रेनन यांनी छोटी पोस्टकार्डे विणली आणि ती प्रत्यक्ष टपालाने पाठवली. संथपणे घडलेली वस्तू त्यांनी धावत्या जगाच्या स्वाधीन केली. तिला काचेआड जपण्याचा मोह त्यांनी टाळला, यातच त्या कृतीची नीती आहे: वस्तूचे मोल तिच्या जपणुकीत नसून ती घडताना दिलेल्या अवधानात होते.