बाटलीतलं पाणी

सातव्या मजल्यावर मावशींनी पाण्याचा पेला पुढे केला आणि मी पिशवीतून माझी बाटली काढली. "आहे माझ्याकडे," म्हणालो. त्यांनी काही न बोलता पेला आत नेला. पुढे अहवालात मी लिहिलं, 'पाण्याच्या दर्जाबाबत रहिवासी असमाधानी.' मीही प्यायलो नाही, हे कुठे लिहिलं नाही.

२०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या हटवून माणसं माहुलच्या त्या २२५ चौरस फुटांच्या खोल्यांत आणली गेली. मुंबईला पाणी पाजणाऱ्या नळाशेजारून उठवलेली माणसं, आणि समोर तेलशुद्धीकरणाच्या चिमण्या. मी समाजशास्त्राचा, 'विस्थापन' शोधायला गेलो होतो.

अभ्यासकांच्या दृष्टीने हा टापू फार सोयीचा. पलीकडे ट्रॉम्बेला १९५६ मध्ये अप्सरा अणुभट्टी सुरू झाली. देवनारला समाजविज्ञानाची एक संस्था, लोकसंख्येच्या अभ्यासाची दुसरी. शिवडी-माहुलच्या चिखलात पक्षीवाले दुर्बिणी लावून रोहित मोजतात. इतिहासवाले साष्टीभर गधेगाळ शोधत हिंडतात. दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी देणारा तो दगड मला नेहमीच आवडत आला आहे, शब्द मोडणाऱ्यासाठीही असा एखादा असायला हवा होता. प्रत्येकाला हवं ते इथे सापडतं. मलाही सापडलं: तीन लेख आणि एक बढती.

केईएमच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये माहुल-आंबापाड्यात लोकांना धापेबद्दल विचारलं. ६७.१ टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत होती. ते आकडे राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले आणि डिसेंबर २०१५ च्या निकालात इथली हवा आरोग्याला धोक्याची ठरली. त्यानंतरही माणसं इथेच आणली. 'मग संशोधनाने होतं काय?' हा प्रश्न मी बरीच वर्षं ढालीसारखा वापरला. पण २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने या कुटुंबांना दुसरीकडे राहण्यासाठी महिना १५,००० रुपये भाडं देण्याचा आदेश दिला, तेव्हा ती ढाल हातातून गळाली. कुणाचे तरी आकडे, कुणाचा तरी कागद उपयोगी पडला होता. माझा नव्हता.

निघताना मावशी म्हणाल्या होत्या, "सर, छापून आलं की एक प्रत द्याल ना? कोर्टात दाखवू." मी म्हटलं, "नक्की." लेख इंग्रजीत आला, पैसे भरून वाचायच्या नियतकालिकात. मराठीत दोन पानांचा सारांश करायला एक संध्याकाळ पुरली असती. वेळ नव्हता असं मी सांगत आलो. खरं म्हणजे भीती होती. त्या वाचतील, आणि विचारतील की आमचा खोकला कुठे आहे. तो 'इतर' या रकान्यात होता. वासाला तर रकानाच नव्हता. प्रश्नावली मी कॉलेजच्या खोलीत, खिडकी लावून बनवली होती.

गेल्या महिन्यात कपाट उघडून जुने फॉर्म काढले. वाटलं, आता तरी फोन करू. पण नाव आणि नंबर असलेली पहिली पानं मीच फाडून नष्ट केली होती. माहिती देणाऱ्याची ओळख उघड होऊ नये, असा नियम आहे आणि तो मी काटेकोरपणे पाळला होता. एवढा एकच.

इमारतीचा नंबर आठवत नाही. मजला आठवतो. लिफ्ट बंद होती, म्हणून.