मुखवटा, चेहरा आणि संमती

प्रसिद्ध व्यक्तीच्या छायाचित्राची प्रशंसा करताना 'मुखवट्यामागचा खरा चेहरा टिपला आहे' असे म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला आहे की, त्यात तीन गृहीतके दडलेली आहेत याचे भान सहसा राहत नाही. चेहरा आणि मुखवटा या परस्परांहून वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिले गृहीतक. मुखवटा खोटा आणि चेहरा खरा, हे दुसरे. तिसरे गृहीतक क्वचितच उच्चारले जाते. ते असे की, मुखवटा दूर करण्याचा अधिकार छायाचित्रकाराला असतो. पहिली दोन गृहीतके ज्ञानविषयक आहेत, तिसरे नैतिक आहे. पहिली दोन ढासळली तर तिसऱ्याचे काय होते, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

अमेरिकन छायाचित्रकार रिचर्ड ॲव्हेडन (१९२३–२००४) यांनी एप्रिल १९५७ मध्ये न्यूयॉर्क येथे ड्यूक आणि डचेस ऑफ विंडसर यांचे छायाचित्र घेतले. राजसिंहासन सोडलेला राजा आणि त्याची पत्नी हे जोडपे कॅमेऱ्यापुढे बसण्यात पुरते सरावलेले होते; सराईत स्मितापलीकडे ते काही देत नव्हते. तेव्हा आपण येत असताना आपल्या टॅक्सीखाली एक कुत्रा सापडला, असे ॲव्हेडन यांनी त्यांना सांगितले. ते धादांत असत्य होते. दोघेही श्वानप्रेमी, क्षणात त्यांचे चेहरे विस्कटले आणि त्याच क्षणी छायाचित्र घेतले गेले. ही हकीकत पुढे ॲव्हेडन यांनीच सांगितली. त्या छायाचित्रात पाहणाऱ्यांना एका पोकळ, थकलेल्या जीवनाचे सत्य दिसत आले आहे. पण त्या चेहऱ्यांवर प्रत्यक्षात होती ती न मेलेल्या कुत्र्याविषयीची हळहळ. ती हळहळ खरी होती, तिचे कारण खोटे होते आणि पाहणारा तिच्यात वाचतो तो अर्थ तिसराच आहे. अस्सलपणा नेमका या तिघांपैकी कोठे आहे?

याच जोडप्याचे दुसरे एक छायाचित्र हा प्रश्न अधिक अवघड करते. फिलिप हाल्समन (१९०६–१९७९) हे नामवंतांना कॅमेऱ्यापुढे उडी मारावयास लावीत. उडी मारताना माणसाचे सारे लक्ष उडीकडे लागते, चेहरा सांभाळण्याचे भान सुटते आणि मुखवटा गळून पडतो, अशी त्यांची उपपत्ती होती. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या उड्यांच्या पुस्तकात विंडसर पतिपत्नीही आहेत. म्हणजे एकाच दशकात दोन छायाचित्रकारांनी त्याच दोन माणसांचे मुखवटे उतरविले. एकाला विषाद सापडला, दुसऱ्याला खेळकरपणा. मुखवट्यामागे एकच एक निश्चित चेहरा वाट पाहत बसलेला असतो, हे मान्य केले तर दोघांपैकी एक जण खोटा ठरवावा लागेल. तसे ठरविण्यास आधार नाही. प्रत्येक छायाचित्रकाराला त्याच्या युक्तीने जे निर्माण केले तेच सापडले, असे म्हणणे अधिक रास्त होय.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. विंडसर हे सामान्य नागरिक नव्हते. १९३७ साली हे दोघे जर्मनीला जाऊन हिटलरला भेटून आले होते, आणि ॲव्हेडन हे ज्यू होते. ज्यांच्या प्रतिमेची जोपासना करावयास दरबार, धन आणि वृत्तपत्रे उभी असतात त्यांच्याशी छायाचित्रकाराने सरळपणे का वागावे? बलवानाच्या प्रतिमेविरुद्ध युक्ती हेच दुर्बलाचे शस्त्र नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे. सत्तेची प्रतिमा भेदणे हे कलेचे एक कार्यच आहे. परंतु टीका आणि फसवणूक यांत एक भेद राहतोच. टीकेला उत्तर देता येते. फसवणुकीत, आपण कशाला उत्तर देत आहोत हेच समोरच्याला ठाऊक नसते. शिवाय त्या छायाचित्रात दंड दिला जातो तो जर्मनीच्या भेटीला नव्हे, तर एका मुक्या प्राण्याविषयीच्या करुणेला. ज्या गुणामुळे ही माणसे क्षणभर चांगली ठरली असती, त्याच गुणाचा त्यांच्याविरुद्ध वापर झाला.

याच्या शेजारी युसुफ कार्श (१९०८–२००२) यांनी ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावा येथे घेतलेले चर्चिल यांचे छायाचित्र ठेवून पाहावे. चर्चिल सिगार खाली ठेवीनात, तेव्हा कार्श यांनी पुढे होऊन तो त्यांच्या तोंडातून काढून घेतला. चर्चिल यांच्या चेहऱ्यावर उमटलेल्या त्राग्याला जगाने नाझी जर्मनीपुढे न वाकणाऱ्या राष्ट्राचा निर्धार मानले. येथेही कारण आणि अर्थ यांची फारकत आहेच. पण येथे असत्य नाही. कृती उघड होती, आगाऊ होती, आणि चर्चिल यांना तिचे उत्तर तेथल्या तेथे देता आले. त्यांनी ते दिलेही: आणखी एक छायाचित्र घेऊ दिले, आणि त्यात ते हसत आहेत.

ॲव्हेडन यांच्यावर केवळ दोषारोप करून थांबणे मात्र अन्यायाचे होईल. विंडसर यांच्या छायाचित्रानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी, ६ मे १९५७ रोजी, मेरिलिन मन्रो त्यांच्या स्टुडिओत आल्या. कितीतरी वेळ त्या नाचल्या, गायल्या, जगाला ठाऊक असलेली 'मेरिलिन' साकारत राहिल्या; आणि मग थकून एका कोपऱ्यात बसल्या. ॲव्हेडन यांनी पुढे सांगितले ते असे की, त्यांच्या नकळत छायाचित्र घेण्याची आपली इच्छा नव्हती. कॅमेरा घेऊन जवळ जाताना त्या नकार देत नाहीत हे दिसले. नकार न देणे म्हणजे होकार नव्हे, हे खरे. तरीही या दोन छायाचित्रांमधील अंतर मोठे आहे: पहिल्यात नजर चोरलेली आहे, दुसऱ्यात ती मागितलेली आहे. हाल्समन यांचा अनुभवही येथे उद्बोधक ठरतो. १९५४ साली मन्रो त्यांच्यासाठी उडी मारून गेल्या. पण उडीतून स्वभाव उघड होतो, हे कळताच त्या बिथरल्या. त्यानंतर १९५९ पर्यंत त्यांनी उडी मारली नाही. प्रसिद्धी हाच जिचा व्यवसाय, त्या स्त्रीलाही आपले काय दिले आणि काय घेतले गेले यांतील फरक नेमका कळत होता.

या प्रश्नाची एक उकल भाषेतच आहे. इंग्रजीत माणसासाठी रूढ झालेला शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा मूळ अर्थ नाटकातला मुखवटा. मराठीने संस्कृतातून घेतलेल्या 'व्यक्ती' या शब्दाचा मूळ अर्थ प्रकट होणे. 'व्यंजना' हा शब्दही त्याच धातूपासून झाला आहे, आणि हा केवळ व्युत्पत्तीचा योगायोग मानू नये. आनंदवर्धनाने ध्वनीचे दोन प्रमुख भेद मानले. अविवक्षितवाच्यात वाच्यार्थ अभिप्रेतच नसतो. विवक्षितान्यपरवाच्यात तो अभिप्रेत असतो, परंतु स्वतःहून पलीकडच्या अर्थाकडे नेतो. मुखवटा फाडू पाहणारा छायाचित्रकार सार्वजनिक चेहऱ्याला पहिल्या प्रकारात ढकलतो. त्याच्या मते तो चेहरा बाजूला सारण्यासाठीच असतो. पण नटीचे नटीपण, पुढाऱ्याचे पुढारीपण हे वर्षानुवर्षांच्या श्रमाने घडविलेले असते. ते ज्याने कमावले, तो ते घडविण्यातही व्यक्त झालेला असतोच. प्रकाश हवा असलेल्या माणसाने दिव्याची निगा राखावी, हा ध्वन्यालोकातील दृष्टान्त येथेही लागू पडतो. दिवा फोडून प्रकाश हाती लागत नाही.

गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांच्या छायाचित्रांकडे या दृष्टीने पाहता येईल. चित्रपटकलावंतांची त्यांनी घेतलेली व्यक्तिचित्रे १९९७ साली 'फेसेस' या ग्रंथात आली. मराठीत 'चेहरे' या नावाने त्यांचे पुस्तक आहे. अशा छायाचित्रांवर, ती केवळ सौंदर्य खुलवितात, सत्याला भिडत नाहीत, असा आक्षेप घेता येईल. सौम्य प्रकाश पुष्कळदा खुशामतीकडे झुकतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण समोरच्या माणसाला स्वतःविषयी जे दाखवावेसे वाटते, तेही त्याच्याविषयीचे एक सत्यच असते. किंबहुना ते एकच सत्य असे असते की, त्याची जबाबदारी तो स्वतः घेतो.

तेव्हा अस्सलपणा हा चेहऱ्यात दडलेला ऐवज नव्हे. तो पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यामधील नात्याचा गुण आहे. त्या नात्यात प्रश्न विचारता येतात, आग्रह धरता येतो, प्रसंगी सिगारही काढून घेता येतो. काढून घेता येत नाही ते एवढेच: आपल्यापुढे काय चालले आहे हे जाणण्याचा समोरच्याचा हक्क. दिवंगत लेखकाची पत्रे आणि रोजनिश्या उकरून 'खरा माणूस' शोधू पाहणाऱ्या चरित्रकारालाही, आणि तशा चरित्राला केवळ धीट म्हणून गौरविणाऱ्या समीक्षकालाही, हीच कसोटी लावावी लागेल. फरक इतकाच की, कॅमेऱ्यापुढचा माणूस उठून जाऊ शकतो; मृत माणूस उठून जाऊ शकत नाही.