पेठ नसलेली लीग

डिसेंबर १९९६ मध्ये भारतात पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. तोवर आपल्या फुटबॉलचं वर्ष म्हणजे ड्युरँड, रोव्हर्स, फेडरेशन कप या स्पर्धांची रांग आणि कोलकाता, गोवा, मुंबई इथल्या स्थानिक लीग. एखाद्या शहरी जायचं, बाद फेरीचे सामने खेळायचे आणि करंडक घेऊन किंवा हात हलवत परतायचं. देशभरच्या बारा संघांनी गुणतक्त्यासाठी हंगामभर झुंजायचं, हे नवीन होतं. विजेतेपद पटकावलं फगवाड्याच्या जेसीटी मिल्सने. गोव्याचा चर्चिल ब्रदर्स दुसरा आला, ईस्ट बंगाल तिसरा. सर्वाधिक १४ गोल जेसीटीच्या बायचुंग भुतियाचे. सुखविंदर सिंग प्रशिक्षक आणि भुतियाच्या साथीला आय. एम. विजयन, कार्लटन चॅपमन. सिक्कीम, केरळ आणि कर्नाटकातली पोरं पंजाबातल्या एका कापडगिरणीच्या नावाने खेळत होती आणि सुरेख खेळत होती.

२०११ मध्ये जेसीटीने हा संघ बंद केला. खर्चाच्या मानाने प्रसिद्धी मिळत नाही, हे कारण. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईच्या महिंद्र युनायटेडने गाशा गुंडाळला होता. डेरिक परेरांच्या हाताखाली २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला हा संघ, १९६२ पासूनचा. दोन माजी राष्ट्रीय विजेते एका वर्षाच्या अंतराने नाहीसे झाले आणि दोन्ही वेळा निर्णय कचेरीत झाला. या मृत्यूंचं मूळ मला पहिल्या हंगामातच दिसतं. त्या वेळी लीगने संघांना खूप काही विचारलं असेल, पण तुम्ही कोणत्या गावचे, हे विचारलं नाही.

कंपनीच्या संघांना नावं ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांचे उपकार मोठे आहेत. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, आरसीएफ, एअर इंडिया या संघांनी मुंबईच्या फुटबॉलला अनेक वर्षं पोसलं. चाळीतल्या मुलाला फुटबॉलच्या जोरावर कायमची नोकरी मिळे, पाय मोडला तरी घरची चूल पेटत राही. त्रिशूरच्या मैदानावर सोडा विकणारा विजयन आधी केरळ पोलिसांच्या संघात गेला आणि तिथून देशाचा कर्णधार झाला. पोटाची सोय नसती तर भारतीय फुटबॉलचे निम्मे नायक आपल्याला दिसलेच नसते. पण नोकरी देणारी आस्थापना आणि लीग खेळणारा क्लब यांत फरक आहे. आस्थापनेला कर्मचारी असतात, क्लबला माणसं लागतात. कर्मचारी निवृत्त होतो. माणूस आपला क्लब पोराच्या हाती देऊन जातो.

पहिली राष्ट्रीय लीग संपली त्याच वर्षीचा एक सामना बघा. १३ जुलै १९९७, सॉल्ट लेक स्टेडियम, फेडरेशन कपचा उपांत्य सामना, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान. अमल दत्तांच्या बागानची ‘डायमंड’ रचना आणि समोर पी. के. बॅनर्जी, या दोन प्रशिक्षकांच्या द्वंद्वाने आठवडाभर कोलकाता ढवळून निघालं होतं. सामन्याला सुमारे १ लाख ३१ हजार माणसं आली. ईस्ट बंगालने ४-१ ने बाजी मारली, भुतियाने हॅटट्रिक केली. काही महिन्यांपूर्वी जेसीटीकडून देशाचं विजेतेपद मिळवणारा हाच भुतिया. खेळाडू तोच, पायांतली जादू तीच. गर्दी मात्र घोटी (मूळचे पश्चिम बंगालचे) आणि बांगाल (पूर्व बंगालातून आलेले) यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ईर्ष्येसाठी, फाळणीत घर सुटलेल्यांच्या मुलानातवंडांसाठी जमली होती. या देशाला फुटबॉल आवडत नाही, असं त्या दिवसानंतर कुणी म्हणू नये.

संघ कोणत्या गावचा, हा प्रश्न जपानने आपल्या आधी तीनच वर्षं सोडवला होता. तिथलाही फुटबॉल पुरता कंपन्यांचा. व्यावसायिक लीगचे अध्यक्ष साबुरो कावाबुची स्वतः फुरुकावा इलेक्ट्रिकच्या संघातून खेळलेले. त्यांनी लीगच्या दारातच अटी ठेवल्या: संघ स्वतंत्र संस्था हवा, त्याचं एक गाव हवं, मुलांचे संघ हवेत, पंधरा हजारांचं मैदान हवं आणि नावात कंपनी नको. निस्सानचा संघ योकोहामा मारिनोस झाला, मित्सुबिशीचा उरावा रेड्स, सुमितोमो मेटल्सचा काशिमा अँटलर्स. काशिमा हे कारखान्यांभोवतीचं छोटं गाव. त्याला आत घ्यायची कुणाची तयारी नव्हती. छप्पर असलेलं मैदान बांधलंत तरच बघू, असं जवळजवळ नकार म्हणूनच सांगितलं गेलं. गावाने आणि प्रांताने ते बांधलं. १५ मे १९९३ ला टोकियोत ५९,६२६ प्रेक्षकांसमोर लीगचा पहिला सामना झाला, दुसऱ्या दिवशी चाळिशीतल्या झिकोने काशिमासाठी तीन गोल मारले आणि त्या हंगामाचा पहिला टप्पा काशिमानेच जिंकला.

पैसा तिथेही कंपन्यांचाच होता, हे खरं. मंदी आली तेव्हा १९९८ मध्ये योकोहामा फ्ल्युगेल्सच्या आश्रयदात्यांनी हात वर केले आणि क्लब मारिनोसमध्ये विलीन केला. म्हणजे आपल्यासारखंच झालं, असं कुणी म्हणेल. पुढचं मात्र आपल्यासारखं झालं नाही. समर्थकांनी पैसे गोळा करून योकोहामा एफसी नावाचा नवा क्लब काढला, खालच्या लीगपासून सुरुवात केली आणि २००७ मध्ये तो सर्वोच्च विभागात खेळला. गाव ठरलेलं होतं म्हणून क्लब मेल्यावरही माणसं उरली. जेसीटीमागे उरल्या त्या आठवणी आणि करंडक.

आपल्याकडे गोव्याचं उदाहरण अधिक गुंतागुंतीचं आहे. धेंपो, साळगावकर या खाण-उद्योगातल्या घराण्यांचे संघ, पण साष्टीतल्या वाड्यावाड्यांत फुटबॉल इतका मुरलेला की घराण्याचं नाव गोंयकारांनी आपलं मानलं. आर्मांदो कोलासोंनी धेंपोला पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवून दिलं, तेव्हा फातोर्ड्यावर आनंद कंपनीचा नव्हता. तरीही २०१६ मध्ये महासंघाच्या धोरणावर नाराज होऊन धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीग, म्हणजे राष्ट्रीय लीगचंच पुढचं रूप, सोडली. निर्णय मालकांनी घेतला. प्रेक्षकाच्या हाती तेव्हाही काही नव्हतं.

२०१४ ला इंडियन सुपर लीग आली. या वेळी शहरांची नावं होती, पण ती नावं कंत्राटाने लावली होती. पुणेकरांना विचारा. आधी आय-लीगमधला पुणे एफसी गेला, मग एफसी पुणे सिटी २०१९ ला बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादला मिळाली. बालेवाडीत पाच हंगाम आवाज बसेपर्यंत ओरडलेल्या पोरांना कुणी साधं विचारलंही नाही. केरळात मात्र याच लीगच्या संघाला लोकांनी उचलून घेतलं. कारण तिथल्या गावागावांत सेव्हन्सचा, म्हणजे सात-सात जणांचा, फुटबॉल आधीपासून होता. पीक तिथेच आलं जिथे माती होती.

आणि माती आपल्या दाराशी आहे. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, बालगोपाल हे संघ पेठांचे आणि तालमींचे. तालीम कुस्तीची, पोरं फुटबॉलची, खर्चाला वर्गणी आणि देणगीदार. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजीचा सामना असला की पायऱ्या दुपारीच भरतात, आपल्या पेठेच्या रंगाचे झेंडे, घोषणा, म्हातारे खेळाडू आपापल्या ठरलेल्या जागी. आफ्रिकेतून आलेले खेळाडूही तालमीच्या नावाने मैदानात उतरले आहेत. ईर्ष्या कधी हाणामारीवर जाते, पोलिसांना मध्ये पडावं लागतं. हा दोष आहे आणि तो झाकून चालणार नाही. पण इथे संघ बंद करायचा तर पेठ बंद करावी लागेल. तरी यातला एकही संघ आपल्या तालमीच्या नावाने राष्ट्रीय लीगमध्ये पोचलेला नाही. अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला, पण त्यासाठी त्याला कोल्हापूर सोडावं लागलं.

महासंघ आणि सुपर लीगचे चालक यांच्यातला करार २०२५ अखेर संपत आला, तेव्हा तो हंगामच अधांतरी लटकला आणि ठरल्या वेळी सुरू झाला नाही. सगळ्या अटी नव्याने लिहिण्याची वेळ आली. चर्चा मात्र प्रक्षेपणहक्कांच्या रकमेची आणि गुंतवणूकदाराच्या नावाची झाली. माझी मागणी वेगळी आहे. जिल्ह्याच्या लीगमधून राज्यात आणि राज्यातून देशात वर चढण्याची अखंड शिडी हवी. वरच्या क्लबने खाली घसरायची तयारी ठेवावी. क्लबचं नाव, गाव किंवा रंग बदलायचा तर नोंदणीकृत समर्थकांची संमती सक्तीची असावी. मालकाला सोडून जायचं असेल तर त्याने जावं, पण क्लब आधी गावाला देऊ करावा आणि गावाला तो उचलायला एक पूर्ण हंगाम मिळावा.