मान डोलावू नकोस, विचार!

बस समोर, आणि माझं पुरं होईपर्यंत मधे बोलू नकोस. काल दुपारच्या शिफ्टला काय झालं ते मला कळलंय. डायलिसिसच्या पेशंटच्या फिस्टुला असलेल्या हाताला तू बीपीचा पट्टा गुंडाळत होतीस. त्या 24 वर्षांच्या स्टाफने वेळीच थांबवलं म्हणून निभावलं. वर तू तिलाच सगळ्यांदेखत सुनावलंस, ‘मी ड्युटी करत होते तेव्हा तू शाळेत होतीस!’ लाज नाही वाटली?

त्या हातावर तो माणूस जगतोय. मनगटापाशी धमनी शिरेला जोडायची, मग शीर फुगून दणकट व्हायला दीड-दोन महिने थांबायचं, तेव्हा कुठे तिच्यात सुया घालता येतात. त्या हाताला बीपी नाही, त्या हातातून रक्त घेणं नाही, सलाईन नाही. दाब पडून रक्त गोठलं आणि फिस्टुला बंद पडला, की पुन्हा मानेत कॅथेटर, पुन्हा ऑपरेशन, पुन्हा इन्फेक्शनची धास्ती. सुया घालण्याआधी बोटं ठेवून थरथर बघायची, स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायचा, हे तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तू मान डोलावलीस. डोक्यात काही शिरलं नव्हतं, तरी डोलावलीस. माझा राग त्यावर आहे. शिकताना चुका होतात, त्या मी पोटात घालते. पण न कळता कळल्याचं सोंग आणणं म्हणजे पेशंटशी बेइमानी, आणि ती मी खपवून घेणार नाही.

ऑर्थोचा वॉर्ड तू गाजवलास. ट्रॅक्शन असो, प्लास्टर असो, तुझ्या कामात कुणाला बोट ठेवायला जागा नसायची. माझी विद्यार्थिनी म्हणून मी ते अभिमानाने सांगत आले. पण नंतर आठ वर्षं तू विम्याचे क्लेम तपासलेस, आणि परतलीस ती डायलिसिसला, जिथे तू याआधी एक दिवसही उभी राहिली नव्हतीस. मुरलेली नर्ससुद्धा अनोळखी पेशंटांच्या विभागात गेली की पुन्हा नवशिकी ठरू शकते, हे नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 सालीच ‘फ्रॉम नोव्हिस टु एक्स्पर्ट’ या पुस्तकात मांडलंय. त्यात तुझा अपमान कसला?

साधा हिशेब घे. ड्राय वेट, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन, 50 किलो; पेशंट तीन किलो वाढवून आला. चार तासांत तीन लिटर काढायचे म्हणजे तासाला 750 मिली, किलोमागे 15. मर्यादा 13ची धरतात. मग मशीनवर आकडा टाकण्याआधी डॉक्टरांना विचारायला नको? पाण्याचंही तसंच. मिनिटाला 500 मिली डायलिसेट, म्हणजे चार तासांत 120 लिटर, एकाच पेशंटच्या रक्ताला खेटून वाहतं. त्यात क्लोरामाइन राहून गेलं तर तांबड्या पेशी फुटतात. हे सगळं त्या मुलीला तोंडपाठ आहे, तुला नाही. मग शिकायचं कुणी कुणाकडून?

आणि आता लगेच ‘मला जमणार नाही, सोडून देते’ हे रडगाणंही लावू नकोस. परवा ते काका जांभया द्यायला लागले, बोलता बोलता गप्प झाले. मशीनचा अलार्म वाजायच्या आत तू त्यांचे पाय वर घेतलेस आणि हाक मारलीस. बीपी 80वर उतरलं होतं. पेशंटचा चेहरा वाचणारी ती नजर तू वॉर्डात कमावलीस, आठ वर्षांत ती गेली नाही. तेवढ्यासाठीच मी तुला इथे घेतलंय. पण नुसत्या नजरेवर मशीन चालत नाही.

तेव्हा नीट ऐक. त्या मुलीला सगळ्यांदेखत बोललीस, तर माफीही सगळ्यांदेखतच मागायची. वही घेऊन तिच्यासोबत उभं राहायचं. तिने तुझं काम बघून सही केल्याशिवाय एकटीने सुई घालायची नाही. अलार्म वाजला आणि कारण समजलं नाही, तर बटण दाबून तो बंद करण्याआधी हाक मारायची. आणि कुणी ‘कळलं का?’ म्हणून विचारलं, तर कळलं नसल्यास सगळ्या युनिटला ऐकू जाईल असं ‘नाही’ म्हणायचं. ऊठ, ती आता ड्युटीवरच आहे.