गोंदण : वेदना, संमती आणि मागाहून होणारे वाचन

वेदनेला संमती देता येते काय, हा प्रश्न नीतिविचारात बहुधा शस्त्रक्रियेच्या किंवा तपश्चर्येच्या संदर्भात उपस्थित होतो. शस्त्रक्रियेत वेदना हे निव्वळ साधन असते; शक्य तितके ते टाळण्याकडेच कल असतो. तपश्चर्येत वेदना साध्याच्या अगदी शेजारी जाऊन बसते. गोंदण या दोन्ही कोटींत नीट बसत नाही. त्यात वेदना टाळण्याजोगी नसते, पण ती उद्दिष्टही नसते. उद्दिष्ट असते ते खूण. आणि ही खूण वेदना संपल्यावर, कधी कधी तर वेदना सोसणारी व्यक्ती पुरती बदलून गेल्यावरही, त्वचेत तशीच राहते. म्हणूनच गोंदणाची संमती कोणी द्यायची, केव्हा द्यायची आणि किती काळासाठी द्यायची, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत, म्हणजे १९०६ पूर्वीच्या एकसंध खानदेशात, हा प्रश्न पुस्तकी नाही. तापीकाठच्या शेतकरी कुटुंबांतील वृद्ध स्त्रियांच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटाच्या वरच्या अंगाला हिरवट निळे ठिपके आणि तुळशीसारख्या आकृत्या अजून दिसतात. सातपुड्याच्या बाजूला भिल्ल स्त्रियांच्या डोळ्यांच्या कडांशी वेगळ्या धाटणीच्या खुणा दिसतात. त्याच वेळी धुळ्यात पांझरेकाठी एकवीरादेवीची यात्रा भरते तेव्हा, किंवा सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या घोडेबाजारात, विजेरीवर चालणारे यंत्र घेऊन बसलेल्यापुढे तरुण मुले हात पसरतात. आणि शहरांत वातानुकूलित खोलीत चार-चार, सहा-सहा तासांची बैठक करून पाठभर चित्र कोरून घेणारेही आहेत. या तिन्ही प्रसंगांना एकच शब्द लावावा काय, याविषयी मतभेद होऊ शकेल. परंतु तिन्हींत सुई तीच आहे, आणि ‘पुरे’ म्हणण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा प्रश्नही तोच आहे.

आधी दीर्घ बैठकीच्या आधुनिक तयारीकडे पाहू. आदल्या रात्री पुरेशी झोप घ्यावी, मद्य टाळावे, पोटभर जेवून जावे, पाणी सोबत ठेवावे, सैल कपडे घालावेत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, मधुमेह असेल, तर ते आधीच सांगावे आणि वैद्याला विचारावे. सुई नवी आहे की नाही हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. या सूचनांत व्यवहारज्ञान आहे आणि ते मोलाचे आहे. कावीळ (ब) सारखे रोग एका सुईतून दुसऱ्या देहात जातात, हे यात्रेतल्या फळकुटावर बसणाऱ्याला कोणी सांगत नाही. पण या सूचनांमागे देहाविषयीची एक विशिष्ट धारणाही आहे : देह ही ‘मी’ची मालमत्ता, ‘मी’ त्याचा व्यवस्थापक, आणि बैठक म्हणजे आधी ठरवलेल्या निर्णयाची अंमलबजावणी. संमती कागदावर सही करून दिलेली असते. उरते ते केवळ सोसणे.

अनुभव मात्र या आराखड्याला दाद देत नाही. पहिल्या काही मिनिटांत टोचणी तीव्र वाटते, मग देह तिला सरावतो, एक बधिर तंद्री लागते. परंतु तिसऱ्या-चौथ्या तासाला हा सराव ओसरू लागतो, अंगावर काटा येतो, कधी कापरे भरते, आणि आधीच टोचलेल्या जागेवरून सुई पुन्हा फिरली की मघाचा धीर कामास येत नाही. सकाळी सही करणारा आणि तिसऱ्या प्रहरी दात आवळून बसलेला, हे कायद्याच्या दृष्टीने एक असले तरी नैतिक दृष्टीने त्यांच्यात अंतर पडलेले असते. सकाळच्या माणसाला वेदना ठाऊक नव्हती. त्याने एका कल्पनेला होकार दिला होता. दुपारच्या माणसाला ती ठाऊक आहे, पण अर्धवट आकृती त्याला थांबू देत नाही. अर्धी राहिलेली तुळस ही तुळस नसते. म्हणजे संमती एकदा दिली गेली असे नसून ती प्रत्येक टाक्यागणिक पुन्हा दिली जाते, किंवा दिली जात नाही आणि केवळ लाजेखातर चालू ठेवली जाते.

जुन्या खानदेशी पद्धतीत तयारी वेगळी असे, आणि ती जिला गोंदायचे तिची नसून भोवतालच्यांची असे. गोंदणारी भटक्या जमातीतली स्त्री दारात येई. दिव्याची काजळी तेलात किंवा पाल्याच्या रसात कालवलेली, दोनतीन सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या. मुलगी आठ-दहा वर्षांची, कधी त्याहूनही लहान. कोणी हात धरी, कोणी डोके मांडीवर दाबून ठेवी. टोचणी चालू असता गाणी म्हणण्याची चाल होती, आणि शेवटी हळद चोपडली जाई. लग्नाआधी गोंदले नाही तर सासरी बोल लागतील. सोने-नाणे मेल्यावर अंगावरून उतरवतात, गोंदण तेवढे सोबत येते. ही कारणे मुलीला सांगितली जात, विचारली जात नसत.

या गाण्यांविषयी थोडे थांबून बोलायला हवे, कारण लोकसाहित्याच्या अभ्यासात त्यांना ‘मन रमवण्याचे साधन’ म्हणून मोकळे सोडले जाते. इलेन स्कॅरी यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात असा विचार मांडला की तीव्र वेदना भाषेला केवळ विरोध करीत नाही, ती भाषा मोडते. माणूस शब्दाच्या अलीकडच्या हुंकारापर्यंत मागे ढकलला जातो. हे मान्य केले तर गोंदणाच्या वेळचे गाणे बधिरतेचे औषध ठरत नाही. जिची भाषा त्या घडीला मोडली आहे तिला भोवतालच्या बायकांनी उसनी दिलेली ती भाषा असते. आणि येथेच अडचण आहे. उसन्या भाषेत मुलीचे रडणे सामावते, तसाच तिचा नकारही बुडून जातो. एकच गाणे आधार असते आणि तोंड दाबणारा हातही असतो. या दोहोंपैकी एकच खरे मानणारा अभ्यासक, मग तो परंपरेचा गौरव करणारा असो की तिचा धिक्कार करणारा, त्या ओसरीवर काय घडले ते अर्धेच सांगतो.

पिएर क्लास्त्र या फ्रेंच मानवशास्त्रज्ञाने १९७३ च्या निबंधात दीक्षाविधीतील यातनेचा अर्थ लावताना म्हटले की राज्यसंस्था नसलेला समाज आपला कायदा देहावर लिहितो, जेणेकरून कोणीही स्वतःला इतरांहून अधिक वा उणे समजू नये. हा विचार आकर्षक आहे. पण तो प्रामुख्याने पुरुषांच्या दीक्षेवर बेतलेला आहे. खानदेशच्या ओसरीवर लिहिला जाणारा कायदा समतेचा नव्हता. तो सौभाग्याचा होता, कुळाचा होता, आणि तो फक्त मुलीकडून देहावर वागवला जाई. लिहिणारा समाज राज्यहीन असला की लिखाण निष्पाप ठरते असे नव्हे. राज्यानेही हे लिखाण केलेलेच आहे : बंगाल व मद्रास इलाख्यांत जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर ‘गोदना’ करण्याची शिक्षा अठराव्या शतकाच्या अखेरीपासून होती आणि १८४९ मध्ये ती बंद झाली. कपाळ तेच, काजळीही तीच. एका ठिकाणी अलंकार, दुसऱ्या ठिकाणी कलंक.

काफ्काच्या १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दंडवसाहतीच्या कथेत ही बाब टोकाला नेलेली आहे. यंत्र बारा तास अपराध्याच्या देहावर त्याची शिक्षा कोरत राहते. ती काय आहे हे त्याला आधी सांगितलेले नसते. सहाव्या तासाच्या सुमारास तो ती आपल्या जखमांतून वाचू लागतो, असे यंत्राचा अभिमानी अधिकारी सांगतो. वाचन पुरे होते तेव्हा देह संपतो. दीर्घ बैठकीची इतकी भेदक प्रतिमा आधुनिक साहित्यात दुसरी क्वचितच सापडेल. मात्र गोंदणाला ती जशीच्या तशी लावता येत नाही. कारण ओसरीवरच्या मुलीला जे कोरले गेले ते वाचायला दुसरा दिवस मिळतो, आणि त्यानंतर पुष्कळ वर्षे मिळतात.

त्या वर्षांत काय होऊ शकते, याचा सर्वांत महत्त्वाचा साहित्यिक पुरावा जळगावचाच आहे. असोद्याला १८८० मध्ये जन्मलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाई चौधरी यांना ऐन तिशीत वैधव्य आले. त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघालेल्या संग्रहात ‘आता माझा माले जीव’ ही कविता आहे. तिच्यात सौभाग्याच्या तीन खुणा जातात, आणि प्रत्येकीच्या जागी काहीतरी उरते. बांगड्या फुटतात, मनगटातले कर्तृत्व उरते. मंगळसूत्र तुटते, गळ्याची शपथ उरते. कुंकू पुसले जाते, गोंदण उरते. आणि हे गोंदणच नशिबाला बोलावणे धाडील, असा निर्धार व्यक्त होतो.

या ओळींचे वाचन सामान्यतः धीरोदात्ततेपाशी थांबते. खरे तर त्यांतील व्याकरण अधिक बोलके आहे. मराठी लोकमानसात कपाळ ही लिहिली जाणारी जागा आहे : पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई तेथे अक्षरे उमटवते, आणि ती कोणाला वाचता येत नाहीत. गोंदणारीणही तेथेच लिहिते. दोन्ही लेखनांत मुलगी हा केवळ पृष्ठभाग असतो. कवितेत मात्र गोंदण कर्ता होते आणि नशीब कर्म. जे कपाळावर लिहिले जाते त्यानेच लिहिणाऱ्याला हाक मारावी, असा हा उलटा प्रवास आहे. कुंकू रोज लावायचे असते, म्हणून ते पुसता येते; समाजाला ते परत घेता येते. गोंदण समाजाने एकदाच दिले, आणि देताना ते परत घेण्याची सोय ठेवली नाही. ही सोय न ठेवणे हाच त्या मुलीवरचा अन्याय होता. वैधव्यात नेमका तोच तिच्या कामी येतो.

येथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो हलका नाही. मागाहून मिळणारी संमती मान्य केली तर प्रत्येक जबरदस्ती करणारा म्हणू शकेल की ‘पुढे ती आभारच मानील’. बालविवाहाचे समर्थन याच वाटेने झाले आहे. याला उत्तर एवढेच की मागाहूनचा स्वीकार हे वाचन आहे, परवाना नव्हे. तो भविष्यातून आगाऊ उचलता येत नाही, आणि जिच्या अंगावर खूण आहे तिच्याखेरीज दुसऱ्या कोणालाही तो देता येत नाही. बहिणाबाईंनी गोंदण आपलेसे केले म्हणून ओसरीवर डोके दाबून धरणारे हात निर्दोष ठरत नाहीत. ज्या स्त्रिया कपाळावरचे गोंदण पावडरीखाली झाकतात, किंवा लेझरच्या अनेक बैठका सोसून ते पुसट करून घेतात, त्यांचा नकारही तितकेच पूर्ण वाचन आहे, आणि त्यासाठीही त्यांना पुन्हा वेदनाच मोजावी लागते.

आजचे राज्य या गुंत्याकडे कसे पाहते, हे सैन्यभरतीच्या नियमांत मौजेने दिसते. बाहूच्या आतील अंगावरचे वा पंजाच्या मागचे गोंदण चालते, अन्यत्र चालत नाही. पण आदिवासी उमेदवाराला जमातीच्या रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणासाठी सवलत मिळते. म्हणजे ज्याने स्वतः सही करून पाठीवर चित्र कोरून घेतले तो अपात्र, आणि ज्याला लहानपणी कोणी विचारले नाही तो पात्र. नियमामागे रूढीविषयीचा आदर आहे हे खरे. पण व्यक्तीच्या संमतीला त्यात शून्य किंमत आहे, हेही तितकेच खरे.

गोंदणाच्या टिकाऊपणाविषयी एक शरीरशास्त्रीय गोष्ट येथे अप्रस्तुत ठरू नये. रंग त्वचेत एकदा रुतून कायमचा पडून राहतो, असा समज होता. मार्सेय येथील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की त्वचेतील भक्षक पेशी रंगाचे कण गिळून धरतात, त्या मरतात तेव्हा कण सुटतात, आणि नव्या पेशी ते पुन्हा उचलतात. खूण टिकते ती सतत हस्तांतरित होऊन. या निरीक्षणातून नीतिशास्त्र काढण्याचा मोह आवरावा हे बरे. पेशी काही संमती देत नाहीत. पण ‘एकदा गोंदले ते गोंदले’ ही म्हणण्याची रीत देहालाही तंतोतंत लागू पडत नाही, एवढे त्यावरून म्हणता येते.

आधुनिक बैठकीला बसणाऱ्याची स्थिती यामुळे ओसरीवरच्या मुलीहून वाटते तितकी निराळी राहत नाही. त्याला ‘पुरे’ म्हणता येते. हा फरक मोठा आहे आणि तो कोणत्याही परंपराप्रेमाखातर पुसू नये. परंतु ज्या व्यक्तीच्या नावाने त्याने सही केली ती व्यक्ती वीस वर्षांनी तीच राहणार नाही. सैल पडलेल्या कातडीवरचे नाव त्याला कदाचित तेव्हा परक्याने लिहिल्यासारखे वाटेल, आणि ते वाचण्याचे काम त्यालाही नव्याने करावे लागेल. त्या कामासाठी आदल्या रात्रीची झोप, पाणी आणि पोटभर जेवण पुरत नाही.

बहिणाबाईंच्या त्या कवितेत सुईचा उल्लेख नाही. काजळीचा नाही, हात धरणाऱ्यांचा नाही, गाण्याचाही नाही. कीव करणाऱ्या बाया मात्र आहेत, आणि त्यांना दूर राहायला सांगितलेले आहे.