मंदीतलं काम

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि सांगलीचा गावभाग बुडाला. २००५ च्या पुरात ते ५३ फुटांवर थांबलं होतं. त्या खुणेच्या भरवशावर लोकांनी सामान फळ्यांवर चढवलं होतं, ते सगळं भिजलं. पाणी ओसरलं तसे दारोदार ढीग लागले. गाद्या, दप्तरं, कुजलेलं धान्य आणि फोटोंचे अल्बम.

त्याच भागात एक फोटोग्राफर राहायचा. स्वतःचा स्टुडिओ नाही, महिन्याचा पगार नाही. स्टुडिओवाले बोलावतील तसं दिवसाच्या हिशोबानं लग्नं करायची. कॅमेऱ्याची बॅग त्यानं वेळेवर बाहेर काढली होती, पण काम कुठून येणार? सीझन तुळशीच्या लग्नानंतरचा, आणि ज्या घरांत हळद लागायची त्यांच्या भिंती अजून ओल्या होत्या.

शेजारच्या काकूंनी अल्बम ढिगावर टाकला तेव्हा तो पुढे झाला.

"काकू, मला द्या तो."

"काय करतोस त्याचं? गेलं ते."

पोरवयात तो एका डार्करूममध्ये हाताखाली राबला होता. तिथं फोटोचा कागद पाण्यात धुतल्याशिवाय तयारच होत नसे. म्हणून निव्वळ पाण्याची त्याला भीती वाटली नाही. खरं नुकसान नंतर होतं, हे त्याला माहीत होतं. वरचा जिलेटिनचा थर फुगून मऊ पडतो, एक फोटो दुसऱ्याला चिकटतो आणि तसाच वाळला की दोन्ही जातात. ओलाच राहिला तर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते.

त्यानं अंगणात टब मांडले. पहिल्या टबात चिखल सुटायचा, पुढच्यात नितळ गार पाणी. अल्बमचं पान पाण्याखालीच धरून फोटोची कड हलकेच उचलायची, पाणी आपणहून आत शिरू द्यायचं, चेहऱ्यावर बोट टेकू द्यायचं नाही. सुटा झाला की पांढऱ्या सुती कापडावर उताणा वाळत ठेवायचा. वर्तमानपत्रावर नाही, शाई लागते. त्या दिवशी हात पोचणार नाही तेवढे फोटो मध्ये प्लॅस्टिक घालून मिरजेला मित्राच्या आइस्क्रीमच्या दुकानात जायचे. डीप फ्रीजरमध्ये बुरशी थांबते, तेवढीच सवड मिळते.

काकूंच्या अल्बममधले निम्म्याहून जास्त फोटो आले. घरच्या प्रिंटरवर काढलेल्यांची शाईच वाहून गेली होती, त्यांना इलाज नव्हता. पण बातमी गल्लीभर झाली आणि लोक पिशव्या घेऊन येऊ लागले.

बायकोनं विचारलं, "हप्त्याचं काय?"

"ऑर्डर आली की जाईन. तोवर हे नासतंय."

ज्यांनी पैसे दिले त्यांचे त्यानं घेतले, घरच उघड्यावर पडलेल्यांकडे मागितले नाहीत. मला त्याचं मोल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. प्रत्येक वाळलेला फोटो त्यानं दोन्ही बाजूंनी सारखा उजेड घेऊन पुन्हा कॅमेऱ्यात घेतला, आणि प्रत्येक फाइलला घराचं नाव, समारंभ, साल लावून ठेवलं. कुणी मागितलं नव्हतं, कुणी तपासणारही नव्हतं. लग्नाच्या ऑर्डरीला द्यायचा तेवढाच जीव त्यानं इथं दिला.

पुढच्या मार्चमध्ये कोरोनाची टाळेबंदी आली. अक्षय्य तृतीयेच्या तारखा गेल्या, घेतलेले विसार परत करावे लागले. त्याच्या जोडीच्या कुणी भाजीची गाडी लावली, कुणी कॅमेरा विकला. पोरंबाळं असताना माणसानं तेच करावं, त्यात कमीपणा नाही. त्यानंही मोठी लेन्स विकून हप्ते भरले. एप्रिल २०२१ मध्ये लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी उरली. तेवढ्यात दिवसावरच्या फोटोग्राफरला कोण बोलावणार?

मग वेगळेच फोन सुरू झाले. माणसं जात होती आणि हार घालायला फोटो नव्हता. मोबाइलमध्ये होते ते मास्क लावलेले, नाहीतर इतके लहान की मोठे केले की फुटायचे. एक मुलगी म्हणाली, "दादा, आईचा एकटीचा फोटोच नाही हो. ती नेहमी स्वयंपाकघरात." त्यानं घराच्या नावानं फाइली उघडल्या. भावाच्या मुंजीत, चौकटीच्या अगदी कडेला, आई मुलाची मुंडावळी घट्ट करत होती आणि मान वर करून कुणाकडे तरी बघून हसत होती. रात्री बसून त्यानं तेवढा चेहरा वेगळा केला, पुराच्या डागाचा कपाळावरचा पट्टा काढला. कानाजवळचा विस्कटलेला केस मात्र तसाच ठेवला.

सकाळी मुलीनं पैसे विचारले. त्यानं कामाचा पूर्ण दर सांगितला आणि तिनं तो दिला. लग्नं पुन्हा लागू लागली तेव्हा यातल्या घरांनी स्टुडिओला मध्ये न घेता थेट त्यालाच बोलावलं.

पण त्याआधी जुलैत नदी परत चढली. या खेपेला पाणी गल्लीत यायच्या आधीच लोक कागदपत्रांबरोबर अल्बमही उचलून मिरजेकडे निघाले. ज्यांचे तरीही भिजले ते ओसरल्यावर त्याच्या अंगणात आले. त्यानं गल्लीतली दोन पोरं हाताशी घेतली, तीही कामाविना बसलेली.

"घाई नाही करायची," तो त्यांना सांगत होता, "कड उचल, आणि थांब. पाणी आत जाऊ दे. ओढलास तर चेहरा तुझ्या बोटाला येईल."