तीन दिवसांचा शोध

मुले महाविद्यालयात गेली की आईबापांनी त्यांच्या जीवनात किती डोकवावे? इंदूर हे शिकणाऱ्यांचे गाव. १८८७ साली कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी येथे ख्रिश्चन कॉलेज काढले. आज तर दूरदूरची मुले येथे खोल्या घेऊन राहतात. आम्हां स्नेहलतागंजच्या आईबापांची मुलेही परगावी जातात. आमचा मुलगा गेला तेव्हा आम्ही रोज रात्री फोन करीत असू. जेवलास काय? पैसे आहेत काय? परीक्षा केव्हा? तो नापास झाल्याचे मात्र सहा महिन्यांनी कळले. आम्ही चौकशी केली होती. विचारपूस राहून गेली होती.

लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहतो. योसेफ व मरीया त्याला प्रथम नातलगांत शोधतात. तिसऱ्या दिवशी तो मंदिरात गुरुजनांचे ऐकत, त्यांना प्रश्न विचारीत बसलेला सापडतो. आम्हीही मुलाला आमच्या ओळखीच्या जागीच शोधत होतो. त्याचे गुरुजन कोण, मित्र कोण, मनात प्रश्न कोणते, हे कधी विचारलेच नाही.

अठरा वर्षांच्या मुलाला मोकळे सोडावे, असे कोणी म्हणतील. खरे आहे, पण मोकळे सोडणे निराळे आणि सोडून देणे निराळे. मरीयेला पुत्राचे उत्तर उमगले नाही, तरी तिने सर्व अंतःकरणात जपले. आणि पुत्रही नासरेथास येऊन त्यांच्या आज्ञेत राहिला.

तेव्हा सुटीत मुले घरी आली की गुणपत्रिका मागण्याआधी त्यांना जवळ बसवून घेऊ या, आणि बोलू देऊ या.